लंबकाचा पहिला झोका

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. लंबकाचा धडा आला की दर वर्षी मी मुलांना एक गोष्ट सांगायचो. आमच्या तंजावूरच्या शाळेत एक मुलगा होता. तालाचा पक्का, पण लंबकाचे झोके मोजताना पहिल्याच क्षणी ‘एक’ म्हणायचा. त्यामुळे त्याचे वीस झोके खरे तर एकोणीसच भरायचे आणि पृथ्वीची ओढ तंजावुरात साऱ्या जगापेक्षा जास्त निघायची. वर्ग हसायचा. हसू ओसरलं की मी म्हणायचो, ‘तो माझा जोडीदार होता.’ मग फळ्यावर मोठं शून्य काढून त्याखाली लिहायचो : मोजणी इथून.

गोष्ट खरी आहे. फक्त मोजणारा तो नव्हता, मी होतो. त्याच्या हातात घड्याळ होतं.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. काय बिघडलं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघे राजवाड्यामागच्या एकाच गल्लीतले. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरांतून मराठी बोलली जायची, पण ती महाराष्ट्रातल्या माणसाच्या कानाला जुनी वाटेल आणि थोडी वाकडीही. सूर तमिळ, भांड्याकुंड्यांची आणि खाण्यापिण्याची नावं तमिळ. माझे वडील राजवाड्यातल्या ग्रंथालयात जुन्या पोथ्या लावायच्या कामावर होते, म्हणून मला देवनागरी वाचता आली. जोडीदाराला येत नव्हती. त्याच्यासाठी मराठी ही नुसती बोलायची, ऐकायची गोष्ट होती, आणि म्हणूनच कदाचित ती त्याला माझ्यापेक्षा जवळची होती.

आमचे भौतिकशास्त्राचे सार आमच्यातलेच. ‘सार’ म्हणजे सर. आम्ही अजून तसंच म्हणतो. वर्गात ते तमिळमध्ये शिकवत, मधूनमधून इंग्रजी. पण वर्गाचा उंबरठा ओलांडून व्हरांड्यात आले आणि आमच्यापैकी कुणी दिसला की लगेच मराठी. ‘काय रे, जेवलास? बाबांची खोकला कशी आहे?’ खोकला स्त्रीलिंगी. आमच्या घरी तो तसाच होता. बाकीची मुलं बघत राहायची. त्या दोन वाक्यांनी आम्ही विद्यार्थी न राहता घरचे होत असू. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण आमच्या सगळ्या घरांना ते माहीत होतं. मुलगा घरी आला की आई विचारायची, ‘सार बोलले का आज?’ म्हणजे मराठीत बोलले का.

त्यांची प्रयोगशाळा ही एक लांबट खोली होती. एका भिंतीला काचेची कपाटं, त्यांत कप्प्या, वजनं, उतरत्या पाटावरून सोडायची छोटी गाडी, बलांच्या समांतरभुज चौकोनाचा उभा फळा. बल आणि गती हा सारांचा आवडीचा भाग. खोलीत खोडरबर आणायला बंदी होती. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे चुकलेलाही वाचता आला पाहिजे. ‘दिसलं ते लिही,’ ते म्हणायचे, ‘पाहिजे ते लिहू नको.’ मुलं तोंडावर हो म्हणायची आणि उत्तरावरून उलटे आकडे मांडून ठेवायची. शेजारच्या टेबलावरचा एकजण तर उघड म्हणायचा, ‘पृथ्वीची ओढ नऊशे ऐंशी, असं पुस्तकात छापलंय ना डेय्, मग या गोळ्याला कशाला दमवायचं?’

सारांना हे कळत होतं. वाढवलेले, घटवलेले आकडे ते नजरेने ओळखत आणि त्याबद्दल कुणाला माफ करत नसत. मुलाने काच फोडली तर चालेल, पण बनवलेला आकडा चालणार नाही.

लंबकाच्या प्रयोगाच्या दिवशी त्यांनीच आमची कामं वाटून दिली. ‘तू मोज, तुझा ताल पक्का आहे,’ मला म्हणाले. ‘आणि घड्याळ याच्याकडे. याचा हात स्थिर.’ शाळेत कळ दाबून थांबवायचं घड्याळ एकच होतं. ते कुणाच्या हातात द्यायचं हे सार स्वतः ठरवायचे, आणि त्याला ते मिळालं म्हणून त्याचे कान लाल झालेले मला आठवतात.

वाऱ्याने गोळा हलू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद. घाम कोपरावरून टेबलावर पडत होता. चिरलेल्या बुचात दोरा धरलेला, त्याला पितळी गोळा. गोळा मधल्या खडूच्या खुणेवरून उजवीकडे गेला की मी ‘हं’ म्हणायचो, तो कळ दाबायचा. मग मी मनात मोजायचो, मांडीवर हाताने ताल धरून, बोटांची पेरं धरून. पुरे झाले की ‘वीस’ म्हणायचो, तो पुन्हा कळ दाबायचा आणि घड्याळ पाहून आकडा लिहायचा. मी रविवारी रविवारी तिरुवैयारुला गाणं शिकायला जात असे. तिथे ताल असाच मोजायचा : पहिला ठोका पडला की एक. ज्या क्षणी सुरुवात, तो एक. मला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं.

मीटरभर दोऱ्याला वीस झोक्यांना चाळीस सेकंद यायला हवे होते. आम्हाला अडतीस आले. दोरा कमी केला, तिथेही तेवढ्याच प्रमाणात कमी. आम्ही आलेख काढला. सगळे ठिपके एका सरळ रेषेत, जणू पट्टी ठेवून मांडलेले. उत्तर मात्र नऊशे ऐंशीच्या जागी अकराशेच्या जवळ.

सारांनी आकडे पुन्हा तपासले. घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं, ते बरोबर चालत होतं. दोऱ्याची लांबी मोजली, तीही बरोबर. मग ते आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले.

‘घड्याळ कोण बघत होतं?’

‘मी, सार.’

‘खरे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. हे इतके सरळ कसे?’

‘तसेच आले, सार.’

‘पहिला आकडा घेतलास आणि बाकीचे हिशोबाने काढलेस काय?’

‘नाही, सार. दिसले ते लिहिले.’

सारांनी मला विचारलं, ‘तू घड्याळ पाहिलंस?’

‘नाही सार, माझं लक्ष गोळ्याकडे होतं.’ हे खरं होतं, आणि त्या दिवशी मला त्याहून जास्त काही माहीत नव्हतं.

मोजण्याबद्दल त्यांनी मला विचारलंच नाही. त्यांचा तर्कही चुकीचा नव्हता. मोजण्यात माणूस चुकतो तो एखाद्या वेळी; प्रत्येक वेळी अगदी सारखाच चुकत नाही. ‘सोमवारी पुन्हा करा,’ ते म्हणाले. ‘माझ्यासमोर.’

मधल्या रविवारी मी नेहमीप्रमाणे बसने तिरुवैयारुला गेलो. माझे गुरुजी ओसरीवर एका लहान मुलीला ताल शिकवत होते. ती आठवा ठोका मारून हात थांबवायची आणि म्हणायची, झालं. ते म्हणाले, ‘झालं कसं गं? आठवा ठोका पडला, पण आठवी मात्रा अजून चालूच आहे. हात पुन्हा पहिल्या ठोक्यावर पडू दे, मग झालं म्हण.’ तिने पुन्हा केलं, पुन्हा आठव्यावर थांबली. गुरुजी हसले. मी हसलो नाही. माझा हात मांडीवर तसाच राहिला. मी वीस म्हणत होतो तेव्हा विसावा झोका नुकता सुरू होत होता.

शिकवणी संपल्यावर मी कावेरीच्या पायऱ्यांवर बसून पुन्हा पुन्हा हिशोब केला. शंभर भागिले नऊशे ऐंशी, वीसच्या जागी एकोणीस. उत्तर अगदी आमचंच येत होतं. मला आधी आनंद झाला, हेही सांगायला पाहिजे. कोडं सुटल्याचा आनंद. उद्या सारांना सांगायचं, ते म्हणतील ‘शाबास’, असंही मनात आलं. परतीच्या बसमध्ये त्या आनंदाची दुसरी बाजू दिसायला लागली. सार म्हणाले होते, तुझा ताल पक्का. मी कधी चुकेन असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी ते मला मानत होते, तिथेच मी चुकलो होतो.

तरीही मी सांगणार होतो. सोमवारी सकाळी शाळेत जाताना सांगणार होतो, मधल्या सुट्टीत सांगणार होतो. मग प्रयोगशाळेत पंखे बंद झाले, सार हात मागे बांधून उभे राहिले, आणि जोडीदाराने घड्याळ हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. गोळा खुणेवरून गेला. मी ‘हं’ म्हटलं आणि मनात म्हटलं, शून्य.

मी बरोबर मोजलं. तेच माझ्या हातून घडलेलं पाप.

मोजणी जुन्याच पद्धतीने केली असती तर पुन्हा अडतीस आले असते. सार चक्रावले असते, त्यांनी स्वतः मोजून पाहिलं असतं आणि सगळं उजेडात आलं असतं. तोंडाने सांगितलं असतं तर फार तर एक टपली बसली असती. मी तिसराच रस्ता घेतला. चूक गुपचूप दुरुस्त केली, आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांना जोडीदाराशिवाय दुसरा कुणी धनी उरला नाही. चाळीस सेकंद आले. दोरा कमी केला, तिथेही बरोबर आले. उत्तर नऊशे ऐंशीच्या शेजारी येऊन बसलं.

जोडीदाराच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं. सारांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं.

‘मी उभा राहिलो की घड्याळ खरं बोलतं,’ ते म्हणाले आणि व्हरांड्यात गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

‘सार, मी त्या दिवशीपण...’

‘सरि. नी पोगलाम्.’

ठीक, तू जाऊ शकतोस. एवढंच. पण हे त्यांनी व्हरांड्यात म्हटलं, आम्ही तिघेच असताना, तमिळमध्ये. तो तिथेच उभा राहिला. पुढचं वाक्य मराठीत येईल म्हणून थांबला असावा. सार माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, ‘वजनं कपाटात ठेव रे.’

घरी जाताना किल्ल्याच्या खंदकाशेजारी तो थांबला.

‘दोन्ही दिवशी सारखंच मोजलंस ना?’

‘होय.’

‘एकपण इकडेतिकडे नाही?’

‘सांगितलं ना, होय म्हणून.’

‘मग काय झालं रे?’ त्याने हे रागाने विचारलं नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्या दोघांत विज्ञानाचा मुलगा तोच होता, हे त्या प्रश्नावरून मला आज दिसतं.

त्या दिवसानंतर सार त्याच्याशी मराठीत बोलले नाहीत. ते त्याला रागावले नाहीत, मारलं नाही, गुण कापले नाहीत. वर्गात इतरांशी वागत तसे नीट वागले. फक्त व्हरांड्यात भेटला तर तमिळमध्ये बोलायचे. गल्लीत हे कळायला वेळ लागला नाही. त्याच्या आईने विचारायचं सोडलं. शेवटची परीक्षा झाल्यावर त्याचे वडील सारांना विचारायला गेले, मुलाला विज्ञानाला घालावं का. सार म्हणाले, हुशार आहे, पण विज्ञान याचं काम नव्हे. वडिलांनी त्याला टंकलेखनाच्या वर्गात घातलं. काही वर्षांनी तो ओरत्तनाडूच्या एका सरकारी कचेरीत लागला आणि तिथेच राहिला. मला सारांनी स्वतः कॉलेजात नेऊन सोडलं.

सारांना सांगायला मला पुष्कळ वर्षं मिळाली. ते निवृत्त झाल्यावर मी सुट्टीत त्यांच्या घरी जायचो. एकदा ते आपणहून म्हणाले, ‘त्याचा हात किती स्थिर होता रे. वाईट वाटतं.’ मी कॉफीचा दवरा खाली ठेवला. आता बोलायचं, असं मनात आलं. मग त्यांच्या पत्नी आतून काही विचारायला आल्या, आणि त्या परत आत गेल्यावर मी दुसरंच काही बोललो. त्यांच्या पत्नींनी मला अडवलं होतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो.

आणि वर्गात ती गोष्ट. ती मी केव्हा सुरू केली आठवत नाही. पहिल्यांदा सांगताना कदाचित ‘मी’ म्हणायचं मनात असेल. पण समोर साठ मुलं बसलेली असताना मास्तराला स्वतःवर हसू देणं जमत नाही, निदान मला जमलं नाही. ‘माझा जोडीदार’ असं म्हटलं आणि हशा पिकला. एकदा म्हटलेलं मग दर वर्षी म्हटलं. सारांनी त्याच्यावर खोट्या आकड्यांचा आळ घेतला होता. मी त्याला आयुष्यभर वेंधळा केलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकत नाहीत, हेही माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

गेल्या वर्षी दुपारी फोन वाजला.

‘कोण?’

‘घड्याळवाला,’ पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. ‘मोजणारा आहे काय घरी?’

मी खुर्चीवर बसलो.

त्याची नात तंजावुरात कॉलेजला होती. तिला शिकवणारा तरुण प्राध्यापक माझ्या हाताखालून गेलेला. त्याने लंबकाच्या तासाला आपल्या सरांची गोष्ट सांगितली, नातीने ती घरी येऊन आजोबांना सांगितली.

‘चांगली गोष्ट आहे,’ तो म्हणाला. ‘मीपण हसलो. मग तिला म्हटलं, मोजत कोण होतं म्हणालीस? परत सांग.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘पहिल्याला एक. एवढंच होतं होय रे? मी त्या घड्याळावर संशय घेतला. नंतर नंतर स्वतःवर. वाटायचं, मीच मनाने लिहिले असतील आणि विसरलो असेन.’

‘मी येतो,’ मी म्हटलं.

‘ये. गुडघे चालत असतील तर.’

मी गेलो. ओरत्तनाडूच्या बसथांब्यावर त्याची नात न्यायला आली होती. तिला मराठी सगळी कळते, बोलताना ती तमिळकडे वळते. रस्त्याने मी तिच्याशी हवापाण्याचंच बोललो. तो बाहेरच्या खोलीत झोपाळ्याशेजारी खुर्ची टाकून बसला होता. उठला नाही, पण हात पुढे केला. हात अजून स्थिर होता.

मी सगळं सांगितलं. तिरुवैयारुची ओसरी, ती मुलगी, पायऱ्यांवरचा हिशोब, सोमवारचं शून्य, खंदकाशेजारचं ‘होय’. नात दारात उभी राहून ऐकत होती.

‘सारांना माहीत होतं?’ त्याने विचारलं.

‘नाही.’

‘शेवटपर्यंत?’

‘शेवटपर्यंत.’

‘मोठ्या भावाच्या लग्नात ते आले होते,’ तो म्हणाला. ‘पंगतीत अवघे आपले लोक. प्रत्येकाशी मराठीत बोलले. मला वाढायला लावलं होतं. मी त्यांच्या पानापुढे आलो तर म्हणाले, पोदुम्.’ पुरे. ‘मी बादली घेऊन तसाच पुढे गेलो. ते अजून जात नाही बघ. नोकरीचं काही नाही रे, नोकरी बरी झाली.’

मी क्षमा मागितली. ती त्याने दिली नाही, नाकारलीही नाही. म्हणाला, ‘हे सगळं लिहून काढ, वर्गात सांगायचास तसं. मराठीत. मला वाचता येत नाही, तूच येऊन वाचून दाखव.’ मग नातीला हाक मारली. ‘अम्मा, दोरा आण. आणि ते पितळी कुलूप.’

तिने झोपाळ्याची फळी काढली आणि कडीला दोरा बांधून खाली कुलूप लटकवलं. त्याने तिला पंखा बंद करायला सांगितलं, खिडकी लावायला सांगितली. जमिनीवर खडूने रेघ मारून घेतली. नातीने आपल्या फोनवरचं घड्याळ उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने मान हलवली.

‘घड्याळ त्याच्याकडे दे. मोजणार मी.’

कुलूप झोके घेऊ लागलं. दोरा लांब होता, झोका संथ होता. कुलूप रेघेवरून उजवीकडे गेलं तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, ‘शून्य.’ मी कळ दाबली. मग प्रत्येक झोका त्याने मोठ्याने मोजला, मराठीत, एकही न गिळता. मी बोट काचेच्या वर धरून होतो. खोलीत उकाडा वाढत गेला.

‘वीस.’

मी बोट टेकवलं. आकडा बघायला नात माझ्या खांद्यावरून वाकली.

‘तू बघू नकोस,’ तो तिला म्हणाला. ‘तो सांगेल ते लिही.’

मी दिसला तो आकडा सांगितला. तिने लिहिला. त्याने कागदाकडे पाहिलं नाही, फोनकडेही नाही. कुलूप अजून हलत होतं.

‘आता पंखा लाव,’ तो म्हणाला.